पेटारा उघडला तेव्हा मूल रडत होतं

"मावशी, सलाम. हे पत्र परक्या देशातल्या एका हॉटेलच्या बाथरूममध्ये बसून लिहितेय, कारण खोलीत दिवा लावला की तो उठतो. चार वर्षं प्रार्थना आणि कागदपत्रं केल्यावर पाच दिवसांपूर्वी आमचा मुलगा आमच्या हातात आला. २२ महिन्यांचा आहे, तान्हा असल्यापासून बालगृहात होता. दिला त्या दिवशी एकदाही रडला नाही. सगळे म्हणाले, किती शहाणं बाळ, देवानेच तयार केलंय. दुसऱ्या रात्रीपासून मात्र टाहो फोडतो. मी हात लावला की अंग ताठ करून मागे फेकतो. ह्यांच्याकडे जातो, नाश्ता वाढणाऱ्या वेटरकडे हात पसरून जातो, माझ्याकडे येत नाही. रात्री एकच शब्द ओरडतो. चौकशी केली तर कळलं, तिथे सांभाळणाऱ्या बाईंना सगळी मुलं त्याच नावाने हाक मारतात. आम्ही शमुवेल नाव ठेवलंय, पण तो त्या नावाला बघतही नाही. ज्या पिवळ्या शर्टात दिला त्याला आंबूस वास येतो, तो लाँड्रीत द्यायला काढून ठेवलाय. आमची आठ वर्षांची मुलगी कानांवर उशी घेऊन झोपते. रविवारी चर्चची अख्खी मंडळी व्हिडिओ कॉलवर बाळाला बघणार आहे, पाळकसाहेबांना आमची साक्ष हवी आहे. आणि खरं सांगते, मला त्याच्याविषयी काहीच वाटत नाही. देवाची इच्छा ओळखण्यात आमची चूक झाली का? कागदांसाठी अजून नऊ दिवस इथेच आहोत."

ताई, सलाम.

पत्र वाचलं आणि हातातलं काम ठेवून उत्तराला बसले, कारण दोन गोष्टी आजच्या आज करायच्या आहेत. पहिली, तो पिवळा शर्ट लाँड्रीच्या पिशवीतून बाहेर काढा. दुसरी, रविवारचा कॉल रद्द करा. कारण काय द्यावं सुचत नसेल तर लिहा, "बाळ अजून आम्हालाच ओळखत नाही, तुमची ओळख सावकाश करून देऊ." ह्यात खोटं काहीच नाही.

आता तुमचा प्रश्न. बायबलमधल्या निर्गमचा दुसरा अध्याय, बाळ मोशेची गोष्ट, तुम्हाला पाठ असेल. फारोची कन्या नदीवर येते, लव्हाळ्यांत अडकलेला पेटारा दासीकडून आणवते आणि उघडते. आत मूल रडत असतं. ते रडणं बघूनच तिला त्याचा कळवळा येतो. संडेस्कूलमध्ये आपण मुलांना हे चित्र रंगवायला देतो, त्यात पेटाऱ्यातलं बाळ नेहमी हसरं असतं. का कोण जाणे. पण मला त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ते मूल लगेच राजवाड्यात जात नाही. त्याची स्वतःची आईच मजुरी घेऊन दाई म्हणून त्याला पाजते, आणि मोठं झाल्यावर, म्हणजे अंगावरचं दूध सुटल्यावर असणार, फारोच्या कन्येकडे नेऊन देते. आपलं माणूस कोण हे पुरतं कळत असताना, स्वतःच्या पायांवर चालत असताना. त्या दिवशी राजवाड्यात काय झालं असेल? शास्त्र तिथे थांबत नाही, "तो तिचा मुलगा झाला" असं म्हणून पुढे जातं. त्या एका वाक्याच्या पोटात किती रात्री होत्या ते तुम्ही ह्या आठवड्यात मोजताय. तुमची चूक झालेली नाही. हे असंच असतं, फक्त साक्षीत कुणी सांगत नाही.

पहिल्या दिवशी तो रडला नाही त्याला कुणी शहाणपण म्हणू नये. १९५० च्या सुमारास लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन हे दोघे लहान मुलं आईपासून तुटली की काय होतं ह्याचा अभ्यास करत होते. तेव्हा इंग्लंडमधल्या इस्पितळांत मुलांना भेटायला आईवडिलांना अगदी मोजका वेळ मिळे. नर्स म्हणत, मूल दोनचार दिवस रडतं, मग रुळतं. रॉबर्टसन खाटांशेजारी बसून राहिला तेव्हा त्याला वेगळंच दिसलं. मूल आधी आकांत करतं. मग हताश होऊन गप्प पडतं. आणि मग येणाऱ्या जाणाऱ्याकडे बघून हसायला लागतं, पण आई आली तर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ह्या शेवटच्या अवस्थेलाच वॉर्डात "रुळणं" म्हणत होते. १९५२ मध्ये त्याने दोन वर्षांच्या एका मुलीचं इस्पितळातलं चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवलं, तर डॉक्टर त्याच्यावरच चिडले. पुढे इस्पितळांतल्या मुलांविषयीच्या १९५९ च्या सरकारी प्लॅट अहवालाने आईवडिलांना मुलांजवळ मोकळेपणी येऊ द्या असं सांगितलं, तेव्हा कुठे दारं उघडायला लागली.

तुमचा मुलगा पहिल्या दिवशी भांबावून गोठला होता. दुसऱ्या रात्री बहुधा त्याला कळलं की हे पाहुणे नाहीत, आणि आपण परत जात नाही आहोत. तेव्हा आवाज फुटला. आणि तो नुसता रडत नाही, नाव घेऊन रडतो. ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी हीच आहे. ह्या पोराने कुणावर तरी जीव लावला होता. तिथे एवढ्या मुलांत एका बाईने ह्याला आपलं वाटू दिलं. ज्याला एकदा बिलगता आलं त्याला पुन्हा बिलगता येतं. ज्यांना कुणीच नव्हतं अशा मुलांचंही सांगते. रुमेनियात बुखारेस्टच्या सहा बालगृहांतली ६ ते ३१ महिन्यांची १३६ मुलं घेऊन २००० च्या सुमारास एक मोठा अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून निम्मी मुलं सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत ठेवली. घरात गेलेल्या मुलांमध्ये माणसाला बिलगणं परत येताना दिसलं, आणि दोन वर्षांची होण्याआधी गेलेल्यांत ते ठळक होतं. ते महिन्यांनी दिसलं. पाचव्या रात्री नाही.

म्हणून त्या नावाला घाबरू नका. तो ओरडला की तुम्हीही ते नाव हळू आवाजात घ्या, "हो रे, त्या हव्यात तुला." त्याला मराठी कळत नाही, पण आपलं माणूस ह्यांना ठाऊक आहे एवढं कळतं. नऊ दिवस हातात आहेत, तर बालगृहात निरोप पाठवून त्या बाईंचा फोटो आणि त्यांच्या आवाजातलं एखादं झोपायचं गाणं फोनवर मागवून घ्या. "आता हिच्याकडे जा" असं त्यांनी त्यांच्या भाषेत म्हटलेलं मिळालं तर सोन्याहून पिवळं. त्यांच्याकडूनच दहाबारा शब्द लिहून घ्या: पाणी, दूध, दुखतंय, झोप, पुरे, ये, मी इथेच आहे. देवनागरीत लिहून खाटेशेजारी चिकटवा. उच्चार चुकला तरी चालेल.

शमुवेल हे नाव देखणं आहे, पण आत्ता त्याच्याजवळ स्वतःचं असं एक जुनं नावच उरलंय. तेच घ्या. महिन्याभराने दोन्ही जोडून घ्या. पासपोर्टवर काय छापलंय त्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

आता शर्ट. माझी मुलगी घरी आली तेव्हा अडीच वर्षांची होती. तिच्या अंगात विटका निळा फ्रॉक होता, काखेत उसवलेला, फिनेलचा वास मारणारा. मी पहिल्याच संध्याकाळी तिला कढत पाण्याने न्हाऊ घातलं, नवा गुलाबी फ्रॉक चढवला आणि निळा उचलून कचऱ्यात टाकला. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं होतं. रात्री तिने आपल्या पोटावरून हात फिरवला, दोनदा, तीनदा, गुलाबी कापड चिमटीत धरून सोडून दिलं, आणि मग उठून खाटेखाली, दाराआड, माझ्या पिशवीत शोधायला लागली. काय शोधतेय ते मला सकाळी कळलं. तोवर कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. बायबलमधली हन्ना मंदिरात ठेवलेल्या आपल्या शमुवेलासाठी दरवर्षी लहानसा झगा शिवून न्यायची असं लिहिलंय. त्या झग्याला घरचा वास येत असणार, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

तेव्हा तो आंबूस वास तुमच्यासाठी घाण, त्याच्यासाठी गाव. शर्ट त्याच्या उशाशी असू द्या. आंघोळीचीही घाई करू नका. बालगृहांत मुलांना पुष्कळदा नळाखाली भराभर धुतात, भरलेल्या टबला मुलं घाबरतात. ओल्या कापडाने पुसलं तरी चार दिवस निभतं.

तो वेटरकडे हात पसरतो त्याने जीव जळतो, मला माहीत आहे. पण ते प्रेम नव्हे. तिथे बायका पाळीने येतात. जी समोर असेल तिच्याकडे बघून हसलं की खायला मिळतं, उचलून घेतात. ही त्याची पोट भरायची विद्या आहे, आणि ती त्याला चांगली येते. त्या वेटरला हसून सांगा की याला घेऊ नका, ताटली आमच्या हातात द्या. पुढचे काही महिने घास, दूध, उचलणं आणि पडल्यावर फुंकर हे फक्त तुमच्या दोघांच्या हातून व्हायला हवं. आजीलाही हाच नियम. आजी रुसतील, रुसू द्या.

तुमच्याकडे न येण्याचं कारण बहुधा साधं आहे. आजवर त्याला सांभाळलं ते बायकांनी, आणि गमावलं तेही बाईलाच. तुमच्या हातांत त्याला ती आठवते आणि ती तुम्ही नाही. तुमचे यजमान त्याच्यासाठी नवीनच प्राणी आहेत, त्यांच्याविषयी दुःख करायचं कारण नाही. ह्याचा फायदा घ्या. तो त्यांच्या मांडीवर बसेल, घास तुमच्या हातून जाईल. लंगोट बदलणं, नाक पुसणं, औषध पाजणं ही नावडती कामं त्यांच्याकडे, दूध आणि केळं तुमच्याकडे. त्याला ओढून कुशीत घेऊ नका. जमिनीवर त्याच्याहून खाली बसा, थोडं तिरकं, त्याच्याकडे टक लावून न बघता. तो चमचा फेकेल, तुम्ही परत द्या. तो पुन्हा फेकेल. तासभर हाच खेळ चालला तरी मी त्या दिवसाला चांगला दिवस म्हणेन.

खाण्याचं एक. अशी काही मुलं थांबतच नाहीत, गाल फुगेपर्यंत कोंबतात, काही तोंड उघडत नाहीत. हातातला पावाचा तुकडा घेऊन झोपत असेल तर मुठीतून काढू नका. चादरीला चुरा लागेल. घशात अडकेल असं काही नसलं म्हणजे झालं. उलट्या, जुलाब किंवा दिवसभर लघवी कमी दिसली तर तिथल्याच डॉक्टरांना दाखवा, घरी पोचायची वाट बघू नका.

रात्री तो डोकं उशीवर आपटत असेल किंवा स्वतःच डुलत असेल तर दचकू नका. कुणी थोपटायला नसलं की मुलं स्वतःला असंच झोपवतात. तुम्ही शेजारी पडून त्याच तालात हळू गुणगुणा. बारीक दिवा राहू द्या, ओळीने खाटा असलेल्या खोलीत झोपणाऱ्या मुलाला गच्च अंधार बहुतेक ठाऊक नसतो. आणि त्याच्याजवळ प्रार्थना करताना डोळे उघडे ठेवा. आपल्याला मिटायची सवय, पण त्याच्याकडून बघा: आधीच परकी असलेली तीन तोंडं एकदम डोळे मिटून पुटपुटायला लागतात. देव उघड्या डोळ्यांची प्रार्थनाही ऐकतो.

तुम्हाला काही वाटत नाही, हे पाप आहे का? नाही. फारोच्या कन्येला कळवळा आला असं लिहिलंय, प्रेम वाटलं असं नाही. तेवढ्यावर काम सुरू होतं. पाच दिवसांचं झोपेचं खोबरं झालेलं, परकं गाव, चार वर्षं मनात बाळगलेलं मूल वेगळं आणि हातात आलेलं वेगळं. पोटच्या मुलाबाबतही पुष्कळ आयांना पहिल्या आठवड्यात शून्य वाटतं, फक्त त्यांना लोक हार्मोन्सची सूट देतात. दत्तक घेतल्यानंतर येणाऱ्या नैराश्यावर जून बाँड ह्यांनी १९९५ मध्ये लिहिलं आणि त्याला नाव दिलं, त्यालाही आता तीस वर्षं होऊन गेली. घरी गेल्यावर दोन आठवड्यांनंतरही रडू थांबत नसेल, भूक-झोप उडाली असेल, त्याचं तोंड बघू नये असं वाटत असेल, तर डॉक्टर गाठा आणि प्रार्थनागटावर भागवू नका. स्वतःला किंवा त्याला इजा करायचा विचार मनात आला तर त्याच तासाला यजमानांना उठवून सांगा, मूल त्यांच्या हाती द्या, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तोवर रोज एकदा खोलीच्या बाहेर पडा, एकट्या, अर्धा तास.

तसाच अर्धा तास लेकीला. भाऊ मागितला होता, मिळाला आरडाओरडा, आणि तिला कुणी विचारत नाही. तिला "तू मोठी ना" म्हणू नका. तो तुमच्या आधी तिच्याकडे जाण्याची शक्यता आहे, मुलं मुलांना लवकर ओळखतात. जाऊ द्या, पण त्याला गप्प करणं तिचं काम होऊ देऊ नका.

मंडळीचं मात्र जरा खडसावून सांगायला हवं. विमानतळावर फुगे घेऊन कुणी येऊ नये. डबे दाराशी ठेवावेत. समर्पणाची उपासना सहा महिन्यांनी झाली तरी देव कुठे जात नाही. आणि एक गोष्ट, जी कुणाच्या लक्षात येत नाही: उपासनेच्या वेळी लहान मुलांना ज्या खोलीत सांभाळतात तिथे त्याला निदान काही महिने सोडू नका. एक खोली, पुष्कळ मुलं, अनोळखी दोन बायका आणि आई दाराबाहेर. त्याला वाटेल परत आणून टाकलं. तुमच्यापैकी एकाने त्याला घेऊन मागच्या बाकावर बसावं, रडला तर बाहेर पडावं.

पाळकसाहेबांना साक्ष हवी असेल तर तुमची द्या. चार वर्षांच्या वाट बघण्याची, आत्ताच्या थकव्याचीही. त्याच्या जन्मदात्रीने का सोडलं, कुठे सापडला, हे व्यासपीठावरून सांगू नका. ती गोष्ट त्याची आहे, मोठा झाल्यावर कुणाला सांगायची ते तो ठरवील. आणि "आम्ही त्याला वाचवलं" हे वाक्य घरातही नको. उपकाराखाली वाढलेलं मूल रुसायलासुद्धा घाबरतं.

कागदांबद्दल थोडंच. तुमचे दोन्ही देश १९९३ च्या हेग दत्तक करारात असतील तर त्यातल्या २३ व्या कलमाचं प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय निघू नका. त्याच्याच आधारे दत्तक इतर सदस्य देशांत आपोआप मान्य होतं. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच आहे का ते दोघांनी वेगवेगळं बसून तपासा. त्याच कराराचं ३० वं कलम मुलाच्या उगमाची माहिती जपून ठेवायला सांगतं, तेव्हा लसींची नोंद, वजनाचे आकडे, जुने फोटो, जे देतील ते मागा. पंधरा वर्षांनी तो विचारील. घरी पोचल्यापासून दोन आठवड्यांत बालरोगतज्ज्ञांकडे सविस्तर तपासणी करा: क्षय, कावीळ ब आणि क, एचआयव्ही, रक्तातलं लोह आणि शिसं, पोटातले जंत, कान, डोळे. काही तपासण्या सहा महिन्यांनी पुन्हा कराव्या लागतात. पहिला अहवाल चांगला आला म्हणून ते टाळू नका.

विमानात तो रडेल. झोपेचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नका, काही मुलं त्याने उलट चेकाळतात. चढताना आणि उतरताना काहीतरी चोखायला द्या, कान दुखायचे नाहीत. खिडकीजवळ यजमान, मध्ये तो, दुसऱ्या बाजूला तुम्ही, आणि पिवळा शर्ट सामानात न टाकता हातात.

घरी पोचलात की दोन ओळी टाका. आधी तुम्ही किती झोपलात ते लिहा, मग त्याचं.